कथेशेजारचे चित्र : सचित्र नियतकालिके आणि हौशी कथालेखन

हौशी लेखकांची कथा आज मोठ्या प्रमाणावर पडद्यावर वाचली जाते, आणि तिच्या माथ्यावर बहुधा एक चित्र असते. ते लेखकाने स्वतः काढलेले असते असे क्वचितच घडते. पुष्कळदा ते तयार छायाचित्रांच्या एखाद्या साठ्यातून उचललेले असते, आणि २०२२ नंतर यंत्राकडून बनवून घेतलेलेही असते. दोन वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गातील एका चर्चेत या चित्रांचा विषय निघाला, तेव्हा विद्यार्थ्यांत सरळ दोन तट पडले. चित्र नसेल तर अनोळखी लेखकाची कथा कोणी उघडणारच नाही, असे एका तटाचे म्हणणे होते. चित्र आले की कथेतील माणसे आपली उरत नाहीत, असे दुसरा तट म्हणत होता. वर्गात मराठीखेरीज बंगाली, तमिळ, मल्याळी अशा निरनिराळ्या भाषांच्या घरांतून आलेले विद्यार्थी होते. प्रत्येकाने आपापल्या भाषेतील सचित्र कथांची उदाहरणे दिली आणि वाद अधिकच गुंतागुंतीचा झाला. प्रस्तुत निबंधाचा उगम त्या चर्चेत आहे.

चित्रामुळे कथेत भर पडते की उणेपण येते, हा प्रश्न एवढ्याच स्वरूपात विचारला तर इतिहास त्याला उत्तर देत नाही. दोन्ही बाजूंचे दाखले तो सारख्याच उदारपणे पुरवतो. चित्र कोणी काढले, कथेच्या आधी काढले की नंतर, काढणाऱ्याने कथा वाचली होती काय, आणि छपाईच्या कोणत्या सोयी-गैरसोयींमुळे ते पानावर नेमके तेथे बसले, हे प्रश्न आधी विचारले म्हणजे मूळ प्रश्नाला काही आकार येतो.

कथन आणि चित्र यांचा संसार आपल्याकडे जुना आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाने जतन केलेली चित्रकथी ही त्याची परिचित खूण. कागदावर रंगविलेली चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. अशा चित्रांच्या संचाला 'पोथी' म्हणतात. निवेदक वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्यान गात एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरतो आणि प्रसंग संपला की ते बाजूला ठेवतो. येथे चित्र डोळ्यांपुढे किती वेळ राहावे हे सांगणाराच ठरवतो. चित्राने कथेवर कुरघोडी करावी असा प्रसंग येत नाही, कारण दोन्ही एकाच्याच हातात आहेत. छापील कथेत ही सत्ता तिघांत विभागली गेली. लेखक, चित्रकार आणि संपादक (किंवा प्रकाशक) यांच्यातील ओढाताण तेथून सुरू झाली.

या ओढाताणीचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधील आहे. १८३६ साली चॅपमन आणि हॉल या प्रकाशकांनी रॉबर्ट सीमोर या नामांकित चित्रकाराची एक योजना हाती घेतली. शिकारी, मासेमारी वगैरे शौकांत फजिती होणाऱ्या मंडळींची विनोदी चित्रे मासिक हप्त्यांनी प्रसिद्ध करावयाची, आणि चित्रांना जोडून थोडा मजकूर द्यावयाचा. मजकुरासाठी चोवीस वर्षांच्या एका वार्ताहराला नेमले गेले. तो चार्ल्स डिकन्स. डिकन्सने योजनेची दिशा बदलली. चित्रांनी मजकुराच्या मागून यावे असा आग्रह त्याने धरला. पहिला हप्ता निघाल्यानंतर थोड्याच दिवसांत, २० एप्रिल १८३६ रोजी, सीमोरने आत्महत्या केली. त्यानंतर चित्रांची संख्या चारांवरून दोनवर आली आणि मजकूर चोवीस पृष्ठांवरून बत्तीसवर गेला. पुढे हॅब्लट ब्राउन ऊर्फ 'फिझ' हा तरुण चित्रकार आला आणि डिकन्सच्या कादंबऱ्यांशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. 'पिकविक पेपर्स'च्या यशाची कथा सर्वश्रुत आहे, परंतु साहित्येतिहासात ती बहुधा लेखकाच्या बाजूने सांगितली जाते. चित्राला मजकूर पुरविण्याची नोकरी उलटून मजकुराला चित्र पुरविण्याची नोकरी निर्माण झाली, आणि या उलथापालथीत ज्याची मूळ कल्पना होती तो माणूस नाहीसा झाला, ही तिची दुसरी बाजू.

लेखकांकडून चित्राला झालेला सर्वांत कडवा विरोध फ्लोबेरचा. १८६२ साली 'सालाम्बो'ची सचित्र आवृत्ती काढण्याचा विचार पुढे आला असता, आपल्या हयातीत आपले लेखन सचित्र होणार नाही असे त्याने पत्रातून निक्षून कळविले. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा : चित्रातील स्त्री ही एकच स्त्री असते, शब्दांतील स्त्रीमध्ये वाचकाला हजार स्त्रिया दिसू शकतात. आमच्या वर्गातील दुसऱ्या तटाचे म्हणणे याहून वेगळे नव्हते. हेन्री जेम्सने मात्र मधली वाट शोधली. १९०७ ते १९०९ या काळात निघालेल्या आपल्या समग्र आवृत्तीच्या प्रत्येक खंडाच्या आरंभी त्याने ॲल्व्हिन लँग्डन कोबर्न या छायाचित्रकाराचे एकेक छायाचित्र घेतले. या छायाचित्रांत प्रसंग नाहीत आणि कथेतील पात्रांचे चेहरेही नाहीत. एखादे दार, एखादा रस्ता, एखादे दुकान, एवढेच. कथेत जे घडते ते चित्राने दाखवू नये, जेथे असे काही घडू शकेल ती जागा दाखवावी, असे जेम्सच्या प्रस्तावनेतील विवेचनाचे तात्पर्य सांगता येईल. या मधल्या वाटेकडे निबंधाच्या शेवटी पुन्हा यावे लागेल.

भारतीय नियतकालिकांपर्यंत येताना छपाईतंत्राचा एक तपशील नीट समजून घेणे आवश्यक आहे. आपल्या समीक्षेत तो फारसा येत नाही, आणि सचित्र कथेचे बरेचसे रहस्य तर त्यातच आहे. नियतकालिके खिळ्यांच्या छपाईने निघत होती त्या काळात चित्र छापण्याच्या दोन मुख्य पद्धती होत्या. केवळ रेषांनी काढलेल्या चित्राचा 'लाइन ब्लॉक' होई. तो खिळ्यांबरोबरच चौकटीत बसवून साध्या कागदावर छापता येई. छायाचित्र किंवा छटा असलेले रंगचित्र असेल तर त्याचा 'हाफटोन ब्लॉक' करावा लागे, म्हणजे छटांचे रूपांतर बारीकमोठ्या ठिपक्यांत होई. हे ठिपके स्वच्छ उमटण्यासाठी गुळगुळीत, महाग कागद लागे. परिणामी रंगचित्र मुखपृष्ठावर किंवा स्वतंत्र आर्टपेपरच्या पानावर गेले, कथेपासून तुटले. कथेच्या स्तंभात, अक्षरांच्या अगदी शेजारी राहिले ते रेखाचित्र. वाचकाचे डोळे दिपवणारे चित्र आणि वाचकाच्या सोबत चालणारे चित्र यांची ही फाळणी कोणा संपादकाने विचारपूर्वक केलेली नव्हती. कागदाच्या भावाने ती केली, आणि कथेच्या दृष्टीने ती उपकारकच ठरली. रेषा जेवढे दाखवते त्याहून अधिक मोकळे सोडते.

हाफटोनच्या तंत्रात भारतातून मोलाची भर घालणारे उपेंद्रकिशोर रायचौधुरी (१८६३–१९१५) हे मुलांसाठी कथा लिहिणारे लेखक आणि चित्रकारही होते, हा योगायोग लक्षणीय आहे. त्यांचे तांत्रिक लेख लंडनच्या पेनरोज वार्षिकात प्रसिद्ध झाले, आणि १९१३ साली त्यांनी कोलकात्यात 'संदेश' हे बालमासिक काढले. लेखक, चित्रकार, ब्लॉक तयार करणारा आणि संपादक असे चौघे एकाच माणसात एकत्र आले म्हणजे चित्र आणि मजकूर यांचा मेळ कसा बसतो, याचा 'संदेश' हा वस्तुपाठ होय. चित्रकथीच्या निवेदकाच्या हातात असलेली सत्ता येथे छापखान्याच्या मार्गाने परत आलेली दिसते.

मुंबईत हे काम अधिक खर्चिक आणि अधिक झगमगीत रीतीने झाले. हाजी महंमद अल्लारखिया शिवजी यांनी १९१६ साली 'वीसमी सदी' हे गुजराती सचित्र मासिक सुरू केले आणि पदरमोड करून ते चालवले. कन्हैयालाल मुनशींचे लेखन त्यात येई आणि रविशंकर रावळांसारखा तरुण चित्रकार त्यासाठी काम करी. पुढे १९२४ मध्ये रावळांनी स्वतःचे 'कुमार' काढले. मराठीत काशीनाथ रघुनाथ मित्र यांचे 'मनोरंजन' १८९५ पासून निघत होते आणि १९०९ साली त्याने काढलेल्या दिवाळी अंकापासून एक परंपराच सुरू झाली. या काळातील चित्रकाराच्या कामाचा व्याप पाहावयाचा तर म. वि. धुरंधर यांच्याकडे पाहावे. जे. जे. स्कूलमधील अध्यापन, तैलचित्रे, जाहिराती, पोस्टकार्डे आणि पुस्तकांतील कथाचित्रे हे सर्व ते करीत होते. किंकेडच्या 'डेक्कन नर्सरी टेल्स' (१९१४) या कहाण्यांच्या इंग्रजी पुस्तकातील चित्रे त्यांची आहेत. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांचे आत्मचरित्र कथा-चित्रसंबंधाच्या अभ्यासकाने अवश्य वाचावे. 'किर्लोस्कर'चे संपादक शंकरराव किर्लोस्कर हेही स्वतः चित्र काढणारे संपादक होते.

मराठी सचित्र कथेचा ऐन बहराचा काळ म्हणजे विसाव्या शतकाची मधली दशके, आणि त्या काळावर दोन नावांची छाया आहे. दोन्ही चित्रकार मूळचे गोव्याचे. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केले. रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांच्या 'रत्नप्रभा' आणि 'दीपलक्ष्मी' या अंकांची मुखपृष्ठे घरोघरी कापून भिंतीवर लावली जात. चित्रकारानेच कथांचे अंक काढावेत, म्हणजे लेखकांना निमंत्रण देणारा माणूसच चित्रकार असावा, ही घटना सीमोर-डिकन्स प्रकरणाच्या पार्श्वभूमीवर मला फार महत्त्वाची वाटते. साहित्याच्या इतिहासात मात्र ती 'दिवाळी अंकांची सजावट' या शीर्षकाखाली दोन ओळींत उरकली जाते.

मुळगावकरांच्या चित्रांचे दोन प्रकार वेगळे करून पाहिले पाहिजेत. मुखपृष्ठावरची गौर, नितळ, दागिन्यांनी मढलेली स्त्री अंकातील कोणत्याच कथेची नव्हती. ती अंक विकणारी होती. तिने कथेला काही दिले नाही आणि तिच्यापासून काही घेतलेही नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवरील चित्रे मात्र निराळी होती. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही पात्रे पुस्तकागणिक नव्या संकटात सापडत, पण त्यांचे चेहरे मुळगावकरांनी ठरवून टाकलेले होते. या लेखनात पात्राच्या अंतरंगाला फारसा वाव नव्हता. वेग हाच त्याचा प्राण होता. वाचकाने पहिल्या पानावर नायकाची कल्पना करीत थांबावे, ही चैन त्या कथेला परवडणारी नव्हती. चित्र ते काम आधीच उरकून टाकत असे. शेरलॉक होम्सच्या बाबतीतही असेच घडले. त्याची सुप्रसिद्ध दुहेरी टोपी ही लेखकापेक्षा १८९१ पासून 'स्ट्रँड' मासिकात चित्रे काढणाऱ्या सिडनी पॅजेट यांची देणगी आहे. फ्लोबेरचा आक्षेप अशा कथांना लागू पडत नाही. हजार झुंजार कोणालाच नको होते.

याच काळात गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर, पु. भा. भावे यांची नवकथा आली आणि चित्रकारापुढे वेगळीच अडचण उभी राहिली. घटनेपेक्षा मनाची हालचाल जेथे कथाविषय होते तेथे काय काढावयाचे? गाडगीळांच्या कथेतील माणूस खुर्चीत बसलेला असतो आणि सारे काही घडते ते त्याच्या डोक्यात. खुर्चीतील माणसाचे चित्र काढले तर ते कथेबद्दल काहीच सांगत नाही, आणि डोक्यातील गोंधळ काढू पाहिले तर चित्र कथेचा अर्थ आधीच फोडून मोकळे होते. माडगूळकर स्वतः उत्तम रेखाटने करीत, त्यामुळे एका ओळीत माणूस उभा करण्याची त्यांची पद्धत आणि त्यांच्या रेषेची पद्धत यांत साम्य शोधण्याचा मोह होतो. तो मोह येथे आवरतो. एवढे मात्र म्हणता येईल की, ज्या कथेला चित्राची गरज सर्वांत कमी होती तिचा लेखक चित्र जाणणारा होता.

मराठीबाहेरचे जे दाखले वर्गात पुढे आले, त्यांतील 'चांदोबा' हा सर्वांच्याच परिचयाचा निघाला. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी मद्रासहून जुलै १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळ भाषांत हे मासिक सुरू केले. मराठी आवृत्ती १९५२ पासून निघाली आणि २०१३ पर्यंत मासिकाचे अस्तित्व टिकले. येथे मजकूर अनुवादित होई आणि चित्र मात्र सर्व भाषांत एकच राही. खांद्यावर प्रेत घेऊन, हातात तलवार धरून स्मशानातून चालणारा विक्रम राजा शंकर या चित्रकाराने (के. सी. शिवशंकरन, मृत्यू २०२०) काढला. साताऱ्याच्या मुलाने आणि तंजावरच्या मुलाने पाहिलेला राजा एकच होता. वर्गातील तेलुगू विद्यार्थिनी आणि मी, आमच्यात वयाचे तीस वर्षांचे अंतर आणि भाषा वेगळी, तरी आम्हां दोघांनाही त्या चित्रातील तलवार कोणत्या बाजूला होती हे आठवत होते. (आमची उत्तरे मात्र जुळली नाहीत.) हे शीर्षचित्र महिन्यामागून महिने तेच असे, आतली कथा बदलत असे. म्हणजे ते एका अर्थाने 'तयार' चित्रच होते. तरीही त्याने कोणतीही कथा बिघडवली नाही, कारण त्या महिन्याची कथा दाखवण्याचा दावा त्याने कधी केला नाही. 'आता गोष्ट सुरू होते आहे' एवढेच ते सांगत असे. तयार चित्र नेहमीच वाईट, असे सरसकट विधान करणाऱ्याला हे उदाहरण अडवते. न्युरेंबर्ग येथे १४९३ साली छापलेल्या प्रसिद्ध इतिवृत्तात ६४५ ठशांतून सुमारे १८०० चित्रे छापली होती, म्हणजे एकच ठसा निरनिराळ्या शहरांच्या वा राजांच्या नावाखाली पुन्हा पुन्हा वापरला होता. तेथे मात्र चित्र विशिष्ट असल्याचा आव आणते.

तमिळमध्ये कल्कींची 'पोन्नियिन सेल्वन' १९५० ते १९५४ या काळात 'कल्की' साप्ताहिकात क्रमशः आली, मणियम यांच्या चित्रांसह. पुढे तीच कादंबरी त्याच साप्ताहिकात पुन्हा पुन्हा छापली गेली तेव्हा निराळ्या चित्रकारांनी चित्रे काढली. मजकूर स्थिर आणि चित्रे बदलती, असा हा 'चांदोबा'च्या नेमका उलट प्रकार. आपल्या घरात आजी, आई आणि आपण स्वतः अशा तिघींचे वंदियत्तेवन वेगवेगळे आहेत, असे एका तमिळ विद्यार्थिनीने सांगितले. २०२२ साली मणिरत्नम यांचा चित्रपट आला तेव्हा आजीने त्याची तुलना कादंबरीशी केली नाही, मणियम यांच्या चित्रांशी केली. फ्लोबेरची हजार स्त्रियांची कल्पना येथे निराळ्याच मार्गाने खरी झालेली दिसते.

मल्याळममध्ये एम. टी. वासुदेवन नायर यांच्या 'रंडामूऴम'साठी नंबूतिरी (१९२५–२०२३) यांनी काढलेली रेखाचित्रे हा बहुधा भारतीय कथाचित्रांतील एक उच्चांक असावा. १९८० नंतरच्या दशकात 'कलाकौमुदी'मध्ये ही कादंबरी क्रमशः येत होती. भीमाच्या तोंडून सांगितलेले हे महाभारत. नंबूतिरींची रेषा लांब, न उचलता ओढलेली. देह भरपूर, अलंकार मोजके. कादंबरी देवत्व काढून घेऊन माणसे शिल्लक ठेवते, आणि चित्रातही तेच घडते. चित्रकाराने कादंबरी समजून घेतली होती याचा याहून वेगळा पुरावा लागू नये.

चित्र हे कथेचे वाचन कसे असू शकते याचा सर्वांत दूरगामी दाखला बंगालीतला आहे. जाहिरातसंस्थेत काम करणाऱ्या तरुण सत्यजित राय यांना सिग्नेट प्रेसने १९४४च्या सुमारास 'पथेर पांचाली'च्या मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्तीची, 'आम आँटिर भेंपू'ची, चित्रे काढावयास दिली. चित्रे काढता काढता ही कादंबरी त्यांच्या मनात चित्रपट म्हणून आकार घेऊ लागली, आणि तो चित्रपट १९५५ साली आला. कथाचित्रकार हा कथेचा पहिला वाचक असतो असे आपण म्हणतो ते बहुतेक वेळा शिष्टाचार म्हणून. येथे ते अक्षरशः घडले. राय यांनी पुढे १९६१ मध्ये आजोबांचे 'संदेश' पुन्हा सुरू केले. १९६५ पासून फेलूदाच्या कथा ते स्वतः लिहीत आणि त्यांची चित्रेही स्वतःच काढीत.

हे सर्व व्यावसायिकांचे झाले. हौशी लेखकाचे काय? त्याचा इतिहास शोधावयाचा तर छापील नियतकालिकांच्या बाहेर, शाळा-महाविद्यालयांच्या हस्तलिखितांत जावे लागते. एकच प्रत, सुवाच्य अक्षराच्या मुलीकडून लिहवून घेतलेली, ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवलेली. या हस्तलिखितांची नोंद कोठे होत नाही, त्यामुळे येथे स्वतःच्या आठवणीवर विसंबणे भाग आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मी ज्या महाविद्यालयात शिकत होतो तेथील वार्षिक हस्तलिखितात माझी एक कथा होती. वडील गेल्यानंतर घरी परतलेल्या मुलाची ती गोष्ट. वाङ्मयमंडळातील एका मित्राने तिच्यासाठी चित्र काढले : अर्धवट उघडे दार आणि उंबऱ्याबाहेर चपलांचा एकच जोड. माझ्या कथेत चपलांचा उल्लेख नव्हता. ते चित्र पाहून मी शेवटचे दोन परिच्छेद काढून टाकले, कारण त्यांत जे मी हुंदके देत सांगितले होते ते त्या चपलांनी मुकाट्याने सांगून टाकले होते. अक्षर उतरवणाऱ्या मुलीला ती दोन पाने पुन्हा लिहावी लागली आणि ती माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही.

पुढच्या वर्षी तो मित्र नव्हता. चित्रांची जागा आम्ही जुन्या कॅलेंडरांतील कात्रणांनी भरली. दुष्काळावरच्या एका कथेवर स्वित्झर्लंडमधील बर्फाच्छादित शिखर आले, कारण त्या मापाचे दुसरे कात्रण शिल्लक नव्हते. हसण्याचा भाग सोडला तर त्या दोन अंकांमधील फरक हाच या निबंधाचा विषय आहे. पहिल्या वर्षीचे चित्र चांगल्या चित्रकाराचे होते असे नव्हे. त्याने कथा वाचली होती. स्वित्झर्लंडच्या छायाचित्रकाराची कला निःसंशय मोठी होती, पण त्याचा आमच्या कथेशी काही संबंध नव्हता.

आजची पडद्यावरची हौशी कथा बहुतेक दुसऱ्या वर्षीच्या अंकासारखी आहे. साठा अफाट असल्यामुळे दुष्काळासाठी भेगाळलेली जमीन मिळते, एवढाच फरक. पण ती जमीन कोणत्याही दुष्काळाची असते. त्यातही छपाईच्या काळात कागदाच्या भावाने केलेली फाळणी पडद्यावर नाहीशी झाली. रंगचित्राला आता वेगळा कागद लागत नाही, त्यामुळे मुखपृष्ठावरची विकणारी स्त्री थेट कथेच्या माथ्यावर येऊन बसली आणि स्तंभात अक्षरांशेजारी चालणारे रेखाचित्र हद्दपार झाले. चित्र कथा निवडण्यापुरते पाहिले जाते, वाचताना ते वर सरकून दिसेनासे झालेले असते. चित्राशिवाय कथा उघडली जात नाही, हे विद्यार्थ्यांचे म्हणणे खरे मानले तरी ते कथेविषयीचे विधान ठरत नाही. ते विक्रीविषयीचे विधान आहे, आणि १९५०च्या सुमारासही ते तितकेच खरे होते.

यंत्रनिर्मित चित्राने मात्र एक नवा पेच घातला आहे. डॅल-ई, मिडजर्नी, स्टेबल डिफ्यूजन ही साधने २०२२ मध्ये सर्वसामान्यांच्या हाती आली. लेखक कथेतील एखादे वाक्य देतो आणि चित्र तयार होते. म्हणजे डिकन्सचा आग्रह अखेर शंभर टक्के पाळला गेला : चित्र मजकुराच्या मागून येते, मजकुराच्या हुकमतीत येते, आणि चित्रकार तक्रार करीत नाही. क्रमाचा निकष लावला तर हे आदर्श कथाचित्र ठरावे. तरीही ते तसे ठरत नाही, आणि म्हणूनच क्रमाचा निकष अपुरा होता हे उघड होते. यंत्राला वाक्य मिळते, कथा मिळत नाही. कथेत जे सांगितलेले नाही ते ओळखून चपलांचा जोड काढणे त्या वाक्याच्या आधारे शक्य नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने आपल्या आजीवरील कथेसाठी असे चित्र करून घेतले. सुरकुत्या अप्रतिम होत्या. लुगडे मात्र कोणत्याच पद्धतीने नेसलेले नव्हते, ते नुसते अंगाभोवती वाहत होते, आणि आजीच्या मागे संगमरवरी खांब होते. "सर, ही कुणाची तरी आजी आहे, माझी नाही," असे तो म्हणाला, तरी ते चित्र त्याने काढले नाही, कारण ते 'छान' दिसत होते. या निर्णयाबद्दल आमच्यात अजून मतभेद आहेत. उद्या संपूर्ण कथा वाचवून घेऊन चित्र करणारी साधने आली (तशी ती येऊ लागली आहेत) तर माझा आक्षेप टिकेल काय, असे त्याने विचारले. टिकेल असे मी म्हणालो. पण पूर्वीच्या दिवाळी अंकांच्या घाईत चित्रकारांनी प्रत्येक कथा पूर्ण वाचली असेलच असे मानण्याचे कारण नाही, हेही मला त्याच्यापुढे कबूल करावे लागले.

जेम्सची मधली वाट हौशी लेखकाला आज कधी नव्हे इतकी सोपी झाली आहे. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. कथेतील पात्राचा चेहरा न दाखवता ती गल्ली, तो जिना, तो एसटीचा थांबा दाखवता येतो. त्याच विद्यार्थ्याने दुसऱ्या कथेसाठी आपल्या गावातील पिठाच्या गिरणीच्या बंद दाराचे छायाचित्र वापरले. छायाचित्र तिरपे आले आहे, कोपऱ्यात त्याचे स्वतःचे बोट दिसते. कथा गिरणीची नाही, पण त्या गिरणीच्या आवाजाच्या टप्प्यात घडते. संग्रहासाठी निवड करताना आम्ही ती छायाचित्रासह घेतली.

एका अडचणीचा उल्लेख करून थांबतो. प्रस्तुत विषयासाठी जुन्या मासिकांचे बांधीव खंड पाहताना असे आढळले की, बांधणी करताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकलेली आहेत. कथा आहेत, अनुक्रमणिकेत लेखकांची नावे आहेत, चित्रकाराचे नाव शोधावयाचे तर रेखाचित्राच्या कोपऱ्यातील सही भिंगाने वाचावी लागते. याच कथा पुढे संग्रहांत गेल्या तेव्हा चित्रे बहुधा मागेच राहिली. पडद्यावरच्या कथांची स्थिती फार निराळी नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलेल्या काही हौशी कथा या निबंधासाठी पुन्हा उघडल्या. मजकूर जसाच्या तसा होता. चित्र ज्या ठिकाणाहून घेतले होते तेथून ते निघून गेल्यामुळे त्याच्या जागी एक रिकामा चौकोन होता, आणि त्यात बारीक अक्षरांत लिहिले होते : 'चित्र'.